गाण्याची कितवी प्रत?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकून पंधरा-सतरा किलोमीटर गेलं की लोणी काळभोर लागतं. वारकऱ्यांना हे गाव तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं म्हणून ठाऊक आहे. पुणं सोडल्यावर पालखीचा पहिला मुक्काम इथेच, मग यवत. टँकरवाल्यांना ते तेलाच्या डेपोमुळे ठाऊक. आणि हिंदी सिनेमाच्या जुन्या प्रेक्षकाला ते ठाऊक असतं मुळा-मुठेच्या काठावरच्या राजबागेमुळे. राज कपूर यांची ही शंभरेक एकरांची शेती. आज तिथे एमआयटी एडीटी विद्यापीठाचं आवार आहे आणि त्या आवारात राज कपूर यांचं स्मारक. १९७८ साली पडद्यावर आलेल्या ‘सत्यम शिवम सुंदरम’मधलं गाव आणि देऊळ इथेच उभं राहिलं होतं. त्या चित्रपटाची गाणी आज घरातल्या संगणकावर ‘हाय-रेझोल्यूशन’ फाइलच्या रूपात ऐकायची इच्छा कुणालाही होऊ शकते, आणि तशी ती ऐकवणारी साधनंही आता स्वस्त झाली आहेत. माझं म्हणणं इतकंच आहे की या फाइलींबद्दल आपण चुकीचा प्रश्न विचारतो. किती बिट, किती किलोहर्ट्झ हे आपण विचारतो. ही प्रत कितवी, हे विचारत नाही. आणि ध्वनिमुद्रित गाण्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास, निदान लोणी काळभोरच्या वाट्याला आलेला, हा प्रतींचाच इतिहास आहे.

राजबागेत चित्रित झालेली गाणी राजबागेत गायली गेली नव्हती. त्या काळची पद्धत अशी की गाणं आधी मुंबईत व्हायचं. ताडदेवचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांचा भलामोठा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी, एकाच छताखाली असत, आणि ध्वनिमुद्रक समोरच्या पट्ट्यावर बोटं फिरवत जो तोल साधेल तोच कायमचा ठरे. हे सगळं उतरायचं ३५ मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मवर. चित्राची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, तिच्या जोडीने ही चुंबकीय फिल्मही तितक्याच वेगाने पळते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४५.७ सेंटिमीटर. टेप जितकी वेगाने धावेल तितका बारीक तपशील तिच्यावर मावतो, म्हणून ही पहिली प्रत खरोखर उत्तम प्रत असे. तिच्यापासून मग फाटे फुटायचे: एक प्रत संकलनाच्या टेबलावर, एक रेकॉर्ड कंपनीकडे, आणि एक चित्रीकरणाच्या जागी. चित्रीकरणाला गेलेली प्रत लाऊडस्पीकरवर लावायची, नटनटीने त्यावर ओठ हलवायचे, कॅमेऱ्याने ते टिपायचं. या प्रतीकडून सुरेलपणाची कुणी फारशी अपेक्षा ठेवत नसे. तिने फक्त वेळ पाळायची. वेग किंचित जरी ढळला तरी कडव्याच्या शेवटी ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच. म्हणजे ज्या जागेचं नाव या गाण्यांशी जोडलं गेलं, तिथे गाणं पोचलं ते नकलेच्या रूपात, आणि तेही कामापुरत्या.

चित्रपट लागल्यावर तेच गाणं या भागातल्या लोकांपर्यंत ज्या वाटांनी आलं, त्या प्रत्येक वाटेने त्यातलं काही ना काही काढून घेतलं. चित्रपटगृहातल्या प्रिंटवर आवाज प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात असायचा. चुंबकीय फिल्मवरून तो आधी ध्वनीच्या निगेटिव्हवर, तिथून प्रिंटवर जायचा. आणि या प्रकारात खरखर फार म्हणून सेकंदाला सुमारे ८ हजार कंपनांच्या, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग चित्रपटगृहातच दाबून टाकायची पद्धत जगभर रूढ होती. झांजेची चकाकी, बासरीतला श्वास, हे बरंचसं त्या वरच्या भागात राहतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ पासून सुरू आहे, पण मध्यम लहरींवरच्या रेडिओतून पाचेक किलोहर्ट्झच्या पलीकडचं काही यायचंच नाही. एलपी रेकॉर्ड या सगळ्यांत उजवी. मात्र ती आणि तिच्यासाठीचा प्लेअर ज्याच्या घरी आहे असं घर विरळा. जत्रेत, लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकरवाला जे लावायचा ते झाडाला बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यातून यायचं. भोंग्याला खालचा ढोलही जमत नाही आणि वरची झांजही. मधला गळा मात्र तो दोन शिवारं ओलांडून पोचवतो, आणि त्याचं काम तेवढंच होतं. मग ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने कॅसेट इतकी स्वस्त केली की गाणं ट्रॅक्टरवर आणि वडाप जीपमध्ये जाऊन बसलं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते; मुंबईतल्या त्या पहिल्या फिल्मच्या साधारण एकदशांश वेगाने. त्यावर मित्राकडून भरून घेतलेली कॅसेट म्हणजे प्रतीची प्रत.

मात्र त्या जुन्या नकलेत एक प्रामाणिकपणा होता. चुंबकीय फीत स्वतःची सरसर घेऊन येते. एका फितीवरून तशाच दुसरीवर उतरवलं की दोघींच्या सरसरीची बेरीज होते आणि ती सुमारे ३ डेसिबलने वाढते. पुढच्या प्रतीला आणखी. वरचा भाग बोथट होत जातो, वेगातली थरथर आवाजात डोकावू लागते. कॅसेट लावली की दुसऱ्या ओळीला ऐकणाऱ्याला कळायचं, ही ‘भरलेली’ आहे की दुकानातली. प्रत कितवी हे प्रत स्वतःच सांगायची. लबाडी तेव्हाही व्हायची, नाही असं नाही. मोनो गाण्याचे उच्च आणि खर्ज भाग दोन बाजूंना वाटून, वर घुमारा चढवून ‘स्टिरिओचा आभास’ देणाऱ्या एलपी एचएमव्हीने काढल्या, पण तसं वेष्टणावर छापलेलं तरी असे. पुढे ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटींनी जुन्या गाण्यांवर नव्या ढोलकीचा मारा केला. ती तर उघडउघड मोडतोड होती आणि त्याच नावाने खपत होती, चवीने ऐकलीही जात होती. या दोन्हींबद्दल नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यांत फसवणूक अशी नव्हती.

संगणकावरच्या गाण्याने ही खूण पुसली. १९८२ साली आलेल्या सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो: प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. हा ४४,१०० चा विचित्र आकडा आला तो सुरुवातीला हे मुद्रण व्हिडिओ टेपवर व्हायचं म्हणून. चित्राच्या रेषांच्या हिशेबात तो बसत होता. अमुक उंचीपर्यंतचा आवाज धरायचा तर त्याच्या दुपटीने मोजमापं घ्यावी लागतात हा नियम नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कामातून सिद्ध झालेला, त्यामुळे सीडी सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंत पोचते. तरुण निरोगी कान २० पर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर बहुतेकांना १४-१५ देखील जड जातात. हाय-रेझोल्यूशन फाइल यापुढे जाते: ९६ किंवा १९२ हजार मोजमापं, २४ बिट. पाच मिनिटांचं गाणं सीडीच्या मापात सुमारे ५३ मेगाबाइट भरतं. ९६ आणि २४ च्या मापात १७३, आणि १९२ च्या मापात ३४६. ‘फ्लॅक’ या २००१ साली आलेल्या पद्धतीने त्याची घडी घातली तर जागा निम्म्यावर येते आणि एकही बिट हरवत नाही. आकड्यांची नक्कल कितीही वेळा करा, शंभरावी प्रत पहिलीसारखीच. यात अडचण एकच. आकड्यांत उतरण्याआधी गाणं कितव्या प्रतीला पोचलं होतं, हे आता प्रत सांगत नाही. सातबाऱ्याच्या पाचव्या झेरॉक्सची झेरॉक्स मोठ्या गुळगुळीत कागदावर काढावी तसं आहे हे: कागद उत्तम, मजकूर तोच पुसट. ते वाचणाऱ्याला दिसतं तरी. फाइलीच्या नावापुढे मात्र २४/१९२ एवढंच लिहिलेलं असतं.

तरी फाइल पूर्ण मुकी नसते. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडून वर्णपट पाहिला तर गाण्याचा प्रवास बराचसा उघडा पडतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कंपनसंख्या, आणि जिथे आवाज तिथे रंग. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलीत रंग ९६ किलोहर्ट्झपर्यंत चढायला जागा असते. तो जर २२ वर सुरीने कापल्यासारखा संपला आणि वर निव्वळ काळोख असला, तर ती सीडीच्या मापाचीच फाइल, नुसती फुगवलेली. १६ किलोहर्ट्झवर कापलेली असली तर मूळ बहुधा एमपीथ्री. १२८ किलोबिटच्या दराने घडी घालताना तिथवरच ठेवतात. खाली ५० आणि १०० हर्ट्झवर अखंड रेघा दिसल्या तर कुठल्यातरी यंत्रात विजेची घरघर शिरली होती. आणि १५,६२५ हर्ट्झवर गाण्याशी काही देणंघेणं नसलेली एक बारीक सरळ रेघ सापडली, तर जुन्या पद्धतीच्या टीव्हीची ती शिट्टी आहे: आवाज व्हिडिओच्या साखळीतून गेलाय, किंवा मुद्रणाच्या खोलीत तसा पडदा चालू होता. चुंबकीय टेपवरून थेट, नीट उतरवलेल्या गाण्यात रंग २० च्या पुढे हळूहळू विरत जातो आणि वर सरसरीचं धुकं पसरलेलं दिसतं. ते धुकं पाहून खरं तर समाधान वाटायला हवं. पण त्याच्याकडे बघून आणखी एक हिशेब करावा लागतो. त्या काळच्या टेपवर गाणं आणि सरसर यांच्यातलं अंतर साधारण ६० ते ६५ डेसिबल. एका बिटाला ६ डेसिबल धरले तर ११ बिटांत ते मावतं. सीडीचे १६ त्याला ऐसपैस झाले. २४ बिटांतले उरलेले बिट सत्तरच्या दशकातल्या गाण्यासाठी सरसरीचंच अचूक मोजमाप घेत बसतात.

शेवटची प्रत तर ऐकणाऱ्याच्या घरातच होते, आणि हा भाग सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. संगणकाच्या आवाजाची जुनी घडण नाना ठिकाणचे आवाज एकत्र करण्यासाठी होती: गाणं, खेळ, ‘टुंग’ करून येणारी सूचना. इंटेलच्या १९९७ च्या मानकाने सगळ्यांना ४८ किलोहर्ट्झवर आणून ठेवलं, आणि सीडीचे ४४.१ त्यात बसत नसल्याने ते जाग्यावर बदलून घेतले जात. काही नावाजलेली साउंड कार्डंही हेच करायची. २००४ च्या नव्या मानकाने १९२ किलोहर्ट्झची वाट मोकळी केली, विंडोज व्हिस्टाने २००७ साली एखाद्या प्लेअरला सगळ्यांना बाजूला सारून साउंड कार्डाचा पूर्ण ताबा घ्यायची सोय दिली, आणि यूएसबीने जोडायच्या चांगल्या डॅकना, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या डब्यांना, वेगळा ड्रायव्हर न घालता ओळखायला विंडोजला २०१७ उजाडलं. आजही पूर्ण ताब्याची ती सोय चालू केली नसेल तर ९६ ची फाइल विंडोज निमूटपणे सेटिंगमध्ये ठरलेल्या ४८ वर उतरवतं आणि पडद्यावर मात्र ९६ च दिसत राहतं. आताचं हे रूपांतर इतकं स्वच्छ होतं की कानाला बहुधा कळणार नाही, हे मी मान्य करतो. पण न कळण्यासाठी पैसे मोजायचे असतील तर निदान हिशेब माहीत असावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो कानसेनांचा: आम्हाला फरक ऐकू येतो, तुम्ही गणितं मांडू नका. कान हाच शेवटचा पंच हे बरोबर, म्हणून कानाच्या चाचण्यांकडेच जाऊ. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझोल्यूशन तबकडीचा आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, ४९.८ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. लंडनच्या जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांतली साडेबारा हजारांवर उत्तरं एकत्र करून पाहिली, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघालं आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत त्याहून चांगलं. तेव्हा फरक अजिबात नाही असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. तो आहे, आणि अतिशय लहान आहे. मेयर-मोरान यांची एक नोंद मला त्यांच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते: या तबकड्या सीडीच्या मापातून गाळल्या तरी नेहमीच्या सीडींपेक्षा सरस वाटत होत्या, कारण त्या तयार करणाऱ्यांनी मूळ मुद्रणावर जास्त मेहनत घेतली होती. म्हणजे कानसेनाला जे आवडलं ते खरंच होतं. श्रेय फक्त त्याने मापाला दिलं. पहिल्या फितीवरून उतरवलेलं गाणं आणि तिसऱ्या प्रतीवरून, वर सरसर खरवडून काढणाऱ्या प्रोग्राममधून काढलेलं गाणं, यांतला फरक ओळखायला टक्केवारीची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माप इतकं गौण असेल तर जगभरची ध्वनिसंग्रहालयं ९६ आणि २४ चा आग्रह का धरतात? ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मार्गदर्शक तत्त्व किमान ४८ आणि २४ सांगतं, आणि प्रत्यक्षात ९६ रूढ झालंय. उत्तर असं की त्यांचं काम वेगळं आहे. फीत झिजते, चिकट होते, ती वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपत चालली आहेत. पुन्हा उतरवायची संधी मिळेलच असं नाही. रेकॉर्डवरचे टिकटिक आवाज गाण्याच्या खूप वरपर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे तो वरचा भाग हाताशी असला तर पुढे कधीतरी ते नेमके वेगळे काढता येतात. संग्रहालयाने जास्तीची जागा ठेवावी, ठेवलीच पाहिजे. हलगर्जीपणाची किंमत आपण पुण्यातच पाहिली आहे: ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभातच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. त्यातल्या चित्रांची हळहळ झाली, पण त्या फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टीही होती हे तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. मात्र जतनासाठी योग्य असलेलं माप ऐकण्यासाठीही आवश्यक आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. संग्रहालय मापाबरोबर नोंदवहीही ठेवतं: फीत कुठली, कुठल्या यंत्रावर वाजवली, कुणी, कधी. बाजाराने माप तेवढं उचललं.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा. भोंग्यावर ऐकलेल्या गाण्याने माणसं रडली, नाचली. मग प्रत कितवी याने काय बिघडतं? सारेगामाने २०१७ साली बाजारात आणलेला ‘कारवाँ’, पाच हजार गाणी आत भरलेला तो छोटा रेडिओसारखा डबा, घरोघरच्या आजी-आजोबांनी उचलला तो कुणाला बिट विचारून नव्हे. या आक्षेपाशी माझं भांडण नाही. गाण्याचा जीव प्रतीच्या प्रतीतही शिल्लक राहतो, आणि लोणीच्या वाटेवर टाळ-मृदंगात चालणाऱ्याला तर मुद्रणाचीच गरज नाही. पण हा युक्तिवाद ‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणून जादा पैसे घेणाऱ्याच्या मदतीला येत नाही. त्याने विकायला काढला आहे तो मुळाशी जवळीक असल्याचा दावा. तो तपासायचा हक्क घेणाऱ्याला आहे. आणि हेही न्यायाला धरून सांगितलं पाहिजे की आज नव्याने ९६ किलोहर्ट्झवर मुद्रित होणारी मैफल तशीच विकली जात असेल तर तिथे तक्रारीला जागा नाही; ती पहिलीच प्रत आहे, मग ऐकणाऱ्याच्या कानाला तिच्यातलं किती पेलो.

चित्राच्या बाबतीत आपण हा धडा कधीच शिकलो आहोत. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे दहा चित्रपट ४० शहरांतल्या १३५ चित्रपटगृहांत दाखवले गेले, तेव्हा प्रती जीर्णोद्धार केलेल्या आहेत हे आवर्जून सांगितलं गेलं. ‘सत्यम शिवम सुंदरम’ त्या दहांत नव्हता. जुना चित्रपट नव्याने सिद्ध करणाऱ्या जाणत्या संस्था मूळ कॅमेरा निगेटिव्ह मिळाली की प्रिंटवरून काम भागवावं लागलं, हे चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवरच लिहितात. ‘फोर-के’ हा आकडा त्या पाटीच्या सोबत येतो, तिच्याऐवजी येत नाही. गाण्याच्या फाइलीला अशी पाटी लावण्यात तांत्रिक अडचण कसलीच नाही. फ्लॅक फाइलीत गायक, संगीतकार, वर्ष यांच्या रकान्यांशेजारी हव्या त्या नावाचे, हवे तेवढे रकाने वाढवता येतात. कंपन्यांच्या भांडारात फितीच्या डब्यावर सहसा एक चिठ्ठी असते: तारीख, स्टुडिओ, फितीचा वेग, मोनो की स्टिरिओ, मूळ की नक्कल. ती चिठ्ठी जशीच्या तशी एका रकान्यात टंकायला पाच मिनिटं लागतात. चिठ्ठी हरवली असेल, फीतच उरली नसेल आणि एलपीवरून उतरवावं लागलं असेल, तर तेही तिथे लिहावं. स्वच्छ एलपीवरून उतरवलेलं गाणं घ्यायला नाही म्हणणारे थोडे निघतील.